जोड बरोबरीची, की वेळ सोयीची?

बॉक्सिंगचा विषय निघाला की एक वाद हमखास पेटतो. फ्लॉइड मेवेदर 50 लढती खेळला आणि 50 जिंकला. पण मोठमोठ्या नावांना त्यानं ऐन भरात गाठलं, की त्यांचा भर ओसरायची वाट बघितली?

संशयाला जागा आहे राव! शेन मोझली 2010 मध्ये त्याच्यासमोर आला तेव्हा 38 वर्षांचा होता. मॅनी पॅकियाओशी लढत व्हावी म्हणून 2009 पासून जगानं धोशा लावला होता, ती झाली 2 मे 2015 रोजी. मधल्या काळात, डिसेंबर 2012 मध्ये, मार्केझनं पॅकियाओला सहाव्या फेरीत आडवा केला होता. कॅनेलो अल्वारेझचं नेमकं उलटं. 2013 मध्ये तो अवघा 23 वर्षांचा, त्यात 152 पौंडांची वजनाची अट. म्हणजे एकाला उशिरा गाठलं, दुसऱ्याला पिकायच्या आधीच.

आता दुसरी बाजू. पॅकियाओसोबतची पहिली बोलणी फिसकटली ती रक्ततपासणीच्या मुद्द्यावर. पुढे प्रमोटर आणि टीव्ही कंपन्यांचं राजकारण होतंच. आणि 2015 मध्ये मेवेदर स्वतः 38 वर्षांचा होता, पॅकियाओ 36 चा. म्हाताऱ्याला गाठलं म्हणावं तर गाठणाराच दोन वर्षांनी मोठा!

मग ठरवून केलं की नाही? माझं मत सांगतो. पॅकियाओचा खेळ वेगावर आणि धडाक्यावर उभा होता, मेवेदरचा बचावावर आणि अंदाजावर. वय वाढलं की आधी वेग जातो, अंदाज जास्त टिकतो. उशीर झाला तो दोघांनाही, पण महाग पडला एकालाच. रिंगमधलं इतकं बारीक कळणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल? मला तरी पटत नाही. उशीर त्यानं घडवून आणला नसेलही, पण त्याची घाई त्याला नव्हती.

यावर आपल्या मातीत एक नेमका शब्द आहे, जोड. जत्रेच्या मैदानात कुस्ती लावताना जाणते वस्ताद उंची, अंगलट, तयारी बघूनच जोड ठरवतात. जोड विजोड असली की बघणारेच ओरडतात. बॉक्सिंगमध्ये चॅम्पियन स्वतःची जोड बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. खरी गोम तिथंच आहे.

या कसोटीवर आपल्या लातूरचा माणूस बघा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. 1969 मध्ये लातूरच्याच अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले, वय 19 च्या आसपास. पुढे हिंदकेसरी, रुस्तुम-ए-हिंद. कमावण्यासारखं सगळं कमावून झालं होतं. त्या काळात दिल्लीच्या सतपालचा दबदबा वाढत चालला होता. सतपाल 22 वर्षांचा, बिराजदारांपेक्षा पाचेक वर्षांनी लहान. नाव झालेल्या मल्लानं अशा पोराला टाळलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. हरले तर सगळं जाणार, जिंकले तर ‘पोराला पाडलं’ एवढंच. तरी 1977 मध्ये बिराजदारांनी ती कुस्ती घेतली आणि मारली.

आणि हा सतपाल उतरणीला लागलेला होता का? अजिबात नाही. त्यानंतर 1978 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यानं रौप्य घेतलं, 1982 ला दिल्लीत सुवर्ण. म्हणून तो विजय आजही अंगावर मूठभर मांस चढवतो. हरलेल्याच्या पुढच्या कामगिरीनंच जिंकणाऱ्याला प्रमाणपत्र दिलं.

हीच कसोटी मेवेदरला लावू. इथं त्याच्या टीकाकारांनाही थोडं गप्प बसावं लागेल. पॅकियाओ 2019 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, तोवर अपराजित असलेल्या कीथ थर्मनला हरवून पुन्हा विजेता झाला. म्हणजे 2015 चा पॅकियाओ संपलेला नव्हता. पण तो 2009 चाही नव्हता. मेवेदरचे 50 विजय खरेच आहेत, त्यातल्या काहींचं वजन मात्र वेळेनं कमी केलंय.

तुम्ही म्हणाल, योग्य वेळेची वाट बघणं ही तर हुशारी! लातुरात नीटसाठी वर्ष रिपीट करणारी पोरं काय वेगळं करतात? खूप वेगळं करतात. आपली तयारी व्हावी म्हणून थांबणं आणि समोरचा थकावा म्हणून थांबणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात आपण वाढतो. दुसऱ्यात आपण आहे तिथंच राहतो, फक्त समोरचा खाली येतो.

शिवाय थकलेला गडी म्हणजे नुसता आकडा नसतो, तो माणूस असतो. 1980 मध्ये 38 वर्षांचा मुहम्मद अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि त्याच्या कोपऱ्यानं दहाव्या फेरीनंतर लढत थांबवली. होम्स हा अलीचाच जुना सराव-साथीदार, जिंकूनही रडला. सातेक वर्षांनी तोच होम्स, 38 वर्षांचा, 21 वर्षांच्या टायसनसमोर चौथ्या फेरीत कोसळला. पाळी सगळ्यांवर येते.

बिराजदारांनी मात्र उतरत्या वयात वेगळी वाट धरली. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरं घडवत बसले. 2011 मध्ये ते गेले. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यावर त्यांचा शिष्य राहुल आवारेनं ते पदक गुरूला अर्पण केलं.

म्हणून यंदा जत्रेत फडाच्या कडेला बसाल तेव्हा नुसतं कोण जिंकलं ते बघू नका. जोड बघा. सुरुवातीच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत, कुणी कुणाला कधी गाठलं ते बघा. आणि पस्तिशी ओलांडलेला गडी विशीतल्या पोरासमोर पाठ टेकताना दिसला, तर शिट्टी मारायच्या आधी विचारा, ही जोड लावली कुणी?