‘कंपाउंडर’चा सल्ला

ढाणकीच्या शिवारात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतमजूर दवाखान्यात आणला जातो, तेव्हा मात्रेचा प्रश्न निदानाइतकाच निकडीचा असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने २०हून अधिक बळी घेतले. फवाऱ्यात कीटकनाशकांची मिश्रणे होती. ऑरगॅनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन चालते, पायरेथ्रॉइडवर तो उतारा नव्हे. आणि मात्रा अधिक झाली तर रोगी भ्रमिष्ट होतो. हे हेरण्याचे शिक्षण औषधनिर्मात्यास मिळालेले असते. २०१५च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी तर चुकीची मात्रा ओळखून, गरज पडल्यास डॉक्टरांशी सल्लामसलत करणे हे त्याचे कर्तव्यच ठरविले. पण ऐकून घेण्याचे कर्तव्य? ते या विनियमांनी डॉक्टरांवर टाकलेले नाही! ‘कंपाउंडरने आम्हांस शिकवू नये’ ही वृत्ती म्हणजे पांढऱ्या कोटातील वर्णव्यवस्थाच होय. रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरवर रोग्यांची झुंबड पडते हे खरे. म्हणूनच तर दुसरी नजर हवी. औषधनिर्मात्याची सूचना केसपेपरवर लिहिली जावी आणि ती नाकारणाऱ्याने कारण नोंदवून खाली सही करावी. शासनाने तसे परिपत्रक काढावे. मात्र त्याआधी अपघात विभागात रात्रीही नोंदणीकृत औषधनिर्माता नेमावा.