ओटी कुणाच्या नावावर?

‘जिन्यात कुणीही बसू नये. – सेक्रेटरी.’

बदलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ही सूचना पंचवीसेक वर्षांपूर्वी लागली. सेक्रेटरी मीच होतो. बँकेतला माणूस, सूचना काढायची सवयच. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, ‘‘मग मी बसायचं कुठं रे?’’ तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की संध्याकाळी पायरीवर लसूण सोलत येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करणारी बाई म्हणजे आमचीच आई!

‘‘घरात बस की. तीन खोल्या आहेत,’’ मी म्हणालो. ती काही बोलली नाही. पुन्हा जिन्यात बसलीही नाही. कुणाची मुलगी बाळंतपणाला आली, कुणाचा मुलगा नापास झाला, या बातम्या आमच्या घरात यायच्या हळूहळू बंद झाल्या.

आईचं आयुष्य गावातल्या घराच्या ओटीवर गेलेलं. आमच्याकडच्या जुन्या घरांत आधी अंगण, मग ओटी, मग माजघर. अंगणात कुणीही यावं, ओळखीच्यानं ओटीवर टेकावं, माजघरात घरच्यांनी जावं. कागदोपत्री ओटी वडिलांच्या नावावर होती, पण वापर सगळ्या आळीचा. अर्थात, कुणी ओटीवर बसायचं आणि कुणी अंगणातच उभं राहायचं, हे जातीवरून ठरत असे. ते विसरून ओटीचे गोडवे गाऊ नयेत.

पुढं नोकरीनिमित्त उल्हासनगर पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत राहिले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडलं. खोल्या एवढ्याशा, म्हणून निम्मा संसार दाराबाहेर. खाट बाहेर, पापड बाहेर, गप्पाही बाहेर. मी वसुलीला निघालो, की कर्जदार घरी नसल्याचं मला चार दारं आधीच कळायचं!

हे आठवायचं कारण, वास्तुरचना शिकलेल्या भाच्यानं परवा टोकियोतल्या मोरियामा हाऊसचे फोटो दाखवले. र्‍यूए निशिझावा यांनी हे घर २००५ साली बांधलं. एका घराचे दहा सुटे पांढरे ठोकळे. काहींत मालक राहतो, बाकीचे भाड्यानं देण्यासाठी. मधे बोळ आणि झाडं. रस्त्याच्या बाजूला कुंपणाची भिंत नाही. जुन्या जपानी घरांतही ‘एनगावा’ असते, म्हणजे लाकडी फळ्यांची पडवीच. ‘‘मामा, ही तर आजीची ओटी,’’ भाचा म्हणाला. टोकियोपर्यंत जायलाही नको. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला सात-सात घरं एकेका चौकाभोवती बसवली. प्रत्येकाला आपलं अंगण, आणि सातांत मिळून एक.

आज अंबरनाथहून बदलापूरकडे येताना लोकलच्या खिडकीतून मनोरेच दिसतात. त्यांच्या जाहिरातीत बाग असते, क्लबहाऊस असतं. पण बागेत जायचं तर कपडे बदला, चपला घाला, लिफ्टची वाट पाहा. ओटीवर जायला कारण लागत नसे. दार उघडलं, की माणूस माणसांत असे.

दोष एकट्या बिल्डरचा नाही. घरकर्जाच्या फायलींत मी जन्मभर चौरस फूट मोजले. २०१६च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात बाल्कनी धरत नाहीत. आपण तर त्याच्या कितीतरी आधीपासून ती ग्रिल ठोकून खोलीत घेत आलो. मीही घेतली. आमच्या घरातली ती शेवटची ओटी होती, हे तेव्हा कळलं नाही.

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. सभेत प्रश्न एकच, किती फूट वाढवून मिळणार? माझी मागणी निराळी आहे. प्रत्येक मजल्यावर, घरांची दारं जिथं उघडतात तिथं, चार माणसं बसतील एवढी उजेडाची, वाऱ्याची जागा नकाशातच हवी. जिना मोकळाच राहिला पाहिजे, आग लागली तर तीच वाट. म्हणून माझी ती सूचना चुकीची नव्हती, अपुरी होती. कुठं बसू नये ते मी लिहिलं. कुठं बसावं, ते राहूनच गेलं.

या जागेपायी घरटी दहा-पंधरा फूट कमी मिळाले, तर मी माझे सोडायला तयार आहे. शेजारी हसतील. हसू देत. आई आता नाही. तिचा प्रश्न मात्र पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी लेखी दिला आहे.