जाता जाता आईबाप

‘व्हिसाच्या शिक्क्यासाठी यायचंच आहे, तर त्यातच दोन दिवस कोकणात गाडी घालू. आईबाबांचंही फिरणं होईल.’

हे वाक्य गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या गिरगावात मी इतक्या घरांतून ऐकले आहे की, ते आता मला पाठ झाले आहे. जो ते उच्चारतो त्याला आपण फार मोठ्या मनाचे काही बोललो असे वाटते. ज्यांच्यासाठी ते उच्चारले जाते ते आईबाप कृतकृत्य होतात, आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘पाहा, एवढ्या गडबडीतही मुलगा आईबापांना विसरला नाही!’ मला मात्र या वाक्याची मनापासून चीड आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. वाचकांनी हा लेख त्या कारिटाच्या जागी चालवून घ्यावा. फराळ पुढे आहेच.

ज्यांच्या घरचे कोणी अमेरिकेत नाही अशी भाग्यवान माणसे अजून असतील, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांपाशी बहुधा ‘एच-१बी’ नावाचा परवाना असतो. त्या देशात राहून काम करण्याची मुभा ही एक गोष्ट, आणि त्या देशात शिरण्यासाठी पासपोर्टवर लागणारा शिक्का ही अगदी दुसरी गोष्ट. मुभा तिकडच्या तिकडे वाढवून मिळते. शिक्का मात्र फार तर तीन वर्षांचा, आणि तो संपल्यावर माणूस देशाबाहेर पडला की, नवा घेतल्यावाचून परत शिरता येत नाही. पूर्वी हा शिक्काही टपालाने पासपोर्ट पाठवून अमेरिकेतच नवा करून मिळत असे. जुलै २००४ मध्ये ती सोय बंद झाली, कारण बोटांचे ठसे घेणे सक्तीचे झाले आणि ते घेण्याची व्यवस्था तिकडे नव्हती. २०२४ च्या आरंभी वीस हजार अर्जांपुरता एक प्रयोग करून पाहिला, तोही पुढे चालला नाही. मधल्या वर्षांत हुशार मंडळींनी तोड काढली: गाडी काढायची, कॅनडात टोरंटो नाही तर व्हँकुव्हर गाठायचे, शिक्का मारून घ्यायचा आणि येता येता नायगारा पाहून घ्यायचा. ‘व्हिसाचा व्हिसा, सहलीची सहल’ ही कल्पना जन्मली ती तिथे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या परराष्ट्र खात्याने फर्मान काढले की, अर्ज आपल्या मायदेशी किंवा राहत्या देशीच करावा, आणि नायगाराची ती वाट मोडली. म्हणजे म्हाताऱ्या आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना जे साधले नाही, ते वॉशिंग्टनच्या एका परिपत्रकाने साधले. मुलगा घरी येऊ लागला!

घरी? हाच माझा वादाचा मुद्दा आहे. नायगाराला जाताना निदान धबधब्याला कोणी सांगत नसे की, ‘आम्ही खास तुझ्यासाठी आलो.’

माझ्या पुतण्याचेच सांगतो. २०२४ च्या नोव्हेंबरात तो आला. एकूण मुक्काम अकरा दिवसांचा. पहिल्या दिवशी ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलातीची मुलाखत. (ही वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, आणि पहाटेपासून लागणारी तेथली फुटपाथवरची रांग आमच्या पिढीने पाहिली आहे. मुलगा आत गेला की बाप समोरच्या फुटपाथवर त्याची बॅग सांभाळीत उभा असे. उभे राहण्याची सवय आम्हांला तेव्हापासूनची.) मुलाखत झाली, पासपोर्ट वकिलातीने ठेवून घेतला, आणि तो परत मिळेपर्यंतचे जे चार-पाच रिकामे दिवस उरले, त्यांत आमचे दादा आणि वहिनी यांना बसवण्यात आले. ‘बसवण्यात’ हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो.

सकाळी सहाला भाड्याची मोठी गाडी आली. शिवडीहून अटल सेतूवर. बावीस किलोमीटरचा तो पूल पाहून दादा हरखले, हे मी लपवणार नाही. मग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या या महामार्गाचे वर्णन दिवाळीत करू नये. ज्यांनी पंच्याहत्तरीनंतर त्यावरून प्रवास केला आहे, त्यांच्या कमरेला ते ठाऊक आहे. दुपारी हरिहरेश्वर. तेथे एक हॉटेल, पोहण्याचा तलाव, नातवंडे तलावात, सूनबाई नातवंडांपाशी, पुतण्या खुर्चीत बसून मोबाईलवर पासपोर्टचा ठावठिकाणा पाहतो आहे. दर अर्ध्या तासाने पाहतो आहे. समुद्र समोर होता. त्याच्याकडे दादा-वहिनींनी पाहिले.

वहिनींचे माहेर श्रीवर्धनजवळचे. धाकटी बहीण अजून तेथेच असते. तिला भेटून चार वर्षे झाली होती. हरिहरेश्वराहून तासाभराच्या आतली वाट. वहिनींनी ते मुंबईतच बोलून ठेवले होते, आणि कार्यक्रमात ते दुसऱ्या दिवशी दुपारचे लिहिलेलेही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संदेश आला: पासपोर्ट तयार आहे. तिकडून कचेरीचा फोन आला. परतीचे तिकीट दोन दिवस अलीकडे मिळत होते. ‘आई, पुढच्या वेळी नक्की.’ बाराला गाडी माणगावकडे वळली. वहिनींनी बहिणीसाठी नेलेला चिवड्याचा डबा परत गिरगावात आला, आणि तो मी खाल्ला आहे म्हणून या हकिकतीचा साक्षीदार आहे.

यात पुतण्या दुष्ट आहे असे कोणाला वाटले तर त्याने माझे म्हणणे ऐकलेच नाही. तो गुणी आहे, मायाळू आहे, सगळा खर्च त्याने केला. माझा आक्षेप त्याच्यावर नाही. एका दगडात दोन पक्षी मारण्याच्या या हिशेबावर आहे. ज्या माणसाचा पासपोर्ट दुसऱ्याच्या टेबलावर पडला आहे, तो माणूस मोकळा नसतो. त्याचे मन तळ्यातही नसते आणि मळ्यातही नसते. अशा माणसाने सहल काढू नये, आणि काढलीच तर तिला आईबापांची सेवा म्हणू नये. कामाच्या दोन टोकांमध्ये जो फावला वेळ उरतो तो आपण स्टेशनवर मासिक चाळून घालवतो. दादा-वहिनी म्हणजे स्टेशनवरचे मासिक नव्हेत.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते, आणि ते देणारे माझ्याच वयाचे असतात. ‘अहो, आपल्या लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी तरी दुसरे काय केले? गावी गेले की चार कामे उरकूनच येत होते ना?’ होय, येत होते. मी परळला लहानाचा मोठा झालो. गिरणीतली माणसे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आणि पुढे एसटीने कोकणात जाताना मी पाहिली आहेत. तलाठ्याकडचा उतारा, भावकीतल्या वाटणीचे भांडण, बहिणीसाठी पाहायचे स्थळ, सारे त्याच रजेत. पण मंडळी, तो निघे तो गणपतीसाठी, शिमग्यासाठी. तलाठी हे त्याचे जोडकाम होते. तलाठी भेटला नाही म्हणून गणपती सोडून माघारी आलेला चाकरमानी कोणी मला दाखवावा! इथे वकिलात ही यात्रा आहे आणि आई हे जोडकाम. जे मागे बांधायचे ते पुढे बांधले आणि पुढचे मागे, एवढाच फरक. परंतु बैलगाडीला तो फरक पुरेसा असतो.

दुसरे उत्तर अधिक खरे आहे, आणि ते मी नाकारीत नाही. दादांच्या चाळीत दोन खोल्या. शौचालय गॅलरीच्या टोकाला. तिकडे वाढलेली दोन मुले घेऊन चौघांनी तेथे अकरा दिवस कसे काढायचे? काढू नयेत. दादरला एखाद्या लॉजमध्ये उतरावे, कोणी रागावणार नाही. पण सकाळी चहाला गिरगावात यावे, दुपारी आमटीभात जेवावा, संध्याकाळी नातवंडांना विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊ घालावी, आणि गॅलरीत खुर्ची टाकून, काही न करता, बसावे. वकिलातीची अडचणही आता उरलेली नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावातून थेट वांद्रे-कुर्ला संकुलात जाते. मुलाखत देऊन माणूस जेवायला घरी येऊ शकतो. नुसते बसणे मात्र या मंडळींना जमत नाही. बसले की बोलावे लागते, आणि बोलले की प्रश्न निघतात. गाडीत ही भीती नाही: पुढे रस्ता आहे, मागे मुलांचे पडदे चालू आहेत, वळणावर बापाचे अर्धे वाक्य राहून गेले तर त्याचा दोष वळणाला.

दादांपाशी असे एक अर्धे वाक्य आहे. त्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करारनामा कपाटात पडला आहे. खोली पागडीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे; त्याप्रमाणे राहत्या घराचा भाडेकरू वारला, तर भाडेकरूपण त्याच्या मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जाते. तसा कोणी नसेल तर वारसांपैकी कोणाकडे जावे हे आपापसांत, नाही तर कोर्टात ठरते. आज दादांबरोबर वहिनी राहतात. वहिनींनंतर कोण? मुलगा की नाशिकला दिलेली मुलगी? इमारत उभी राहीपर्यंत मिळणाऱ्या भाड्यावर या वयात ही दोघे राहणार कोठे? सही करायची की नाही? हे सगळे दादांना मुलाशी समोरासमोर बसून बोलायचे होते. कागद त्यांनी कापडी पिशवीत घालून हरिहरेश्वरालाही नेले होते. पिशवी चिवड्याच्या डब्याशेजारी होती, आणि डब्यासारखीच बंद परत आली. ‘फोनवर बोलू’ असे ठरले. फोनवर नातवंडे ‘हाय आजोबा’ म्हणतात आणि दादा म्हणतात, ‘सगळं ठीक आहे.’

जो कायदा ‘बरोबर कोण राहत होते’ असे विचारतो, तो निर्दय असेल; मला तो आमच्या कौतुकापेक्षा प्रामाणिक वाटतो.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरचे विसरून चालणार नाही. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बीच्या अर्जदारांचे समाजमाध्यमांवरील लिखाण तपासण्याचा नियम लागू झाला, आणि भारतातील अमेरिकन वकिलातींनी त्या महिन्यातल्या कितीतरी मुलाखती उचलून मार्च २०२६ मध्ये आणि त्याही पुढे टाकल्या. दोन-तीन आठवड्यांसाठी आलेली माणसे अडकून पडली. कोणाची बायकामुले तिकडे, कोणाच्या घराचे हप्ते तिकडे, कोणाची नोकरी धाग्यावर. त्यांचे हाल मी पाहिले आहेत आणि त्यांचे मी भांडवल करणार नाही. फक्त एक गोष्ट नोंदवतो. आमच्या वाडीतल्या एका गृहस्थाने मुलाखतीनंतरचे चार दिवस आईवडिलांना गोव्याला नेण्याचा बेत केला होता. मुलाखत पुढे गेली. आता हाताशी चार दिवस नव्हे, तीन महिने होते. आणि पहिली गोष्ट रद्द झाली ती गोव्याची खोली. हे स्वाभाविक आहे, त्याच्या जागी मीही तेच केले असते. पण मग ती सहल आईवडिलांसाठी होती, की शिक्का मिळाल्याच्या आनंदासाठी, याचा निकाल लागला की नाही?

म्हणून माझे साधे मागणे आहे. शिक्का संपतो त्या वर्षी या, तेव्हा शिक्क्याचे काम करा आणि ते काम आहे असे आईबापांना स्पष्ट सांगा. ते तुमच्यासाठी डबा भरून देतील, देवाजवळ दिवा लावतील, आणि गाडीत कोंबले जाणार नाहीत. पण शिक्का नवा झाला की पुढची दोन-अडीच वर्षे तुम्हांला कोणाची मुलाखत नसते, कोणाच्या टेबलावर तुमचा पासपोर्ट नसतो. त्या काळात एकदा या. आठवडाभर या. रजा नाही, तिकीट महाग, हे मला ठाऊक आहे. तरी शिक्क्यासाठी रजा मिळते आणि तिकीटही परवडते, हेही मला ठाऊक आहे.

पुतण्याचा शिक्का २०२७ च्या नोव्हेंबरपर्यंत चालू आहे. वहिनींना मी एसटीने श्रीवर्धनला नेऊन बहिणीची भेट घडवून आणली, तेव्हा ते ओझे त्याच्यावर नाही. मी त्याला लिहिले, ‘येत्या शिमग्याला ये. गाडी ठरवू नकोस, हॉटेल पाहू नकोस. कपाटातली पिशवी काढून दादांच्या समोर चार दिवस बस.’ त्याचे उत्तर आले. मार्चात तिकडे कामाची फार घाई असते. पण काळजी नसावी, ‘काका, २०२७ च्या अखेरीला शिक्क्यासाठी यावंच लागेल, तेव्हा त्यातच दोन दिवस काढून बसू.’

मी त्याला पुन्हा लिहिले आहे.