सहा फुटांपलीकडची हवा

सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल एक मत अजून पुष्कळ ठिकाणी मुरलेलं आहे. या रुग्णांच्या छातीतले जंतू येतात ते माती-पाण्यातून. एकाकडून दुसऱ्याकडे गेलेच, तर ते स्पर्शातून किंवा खोकल्याच्या मोठ्या थेंबांतून. आणि ते थेंब दोन पावलांवर खाली पडतात. तेव्हा रुग्णांनी एकमेकांपासून सहा फूट दूर राहावं, की झालं.

माती-पाण्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. लिव्हरपूलच्या मुलांच्या दवाखान्यात अनेक रुग्णांमध्ये स्यूडोमोनास या जंतूचा एकच, औषधाला दाद न देणारा वाण आढळल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. इतकी मुलं योगायोगाने एकाच डबक्यातून तो घेऊन आली नव्हती. थेंबांचा सिद्धान्त तर ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पार उलथवला: रुग्णाने खोकल्यावर चार मीटरवर आणि पंचेचाळीस मिनिटांनंतरही हवेत जिवंत स्यूडोमोनास मिळाला.

यावर आक्षेप येतो की, जंतू हवेत सापडला म्हणजे कुणाला लागण झाली असं नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण इंग्लंडच्या पॅपवर्थ रुग्णालयातला २०१३ चा अभ्यास त्याच्याशेजारी ठेवून पाहा. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस हा उपचाराला अत्यंत चिवट जंतू. तिथल्या काही रुग्णांमधल्या या जंतूचे जनुकक्रम जवळजवळ तंतोतंत जुळले, आणि तेही संसर्गप्रतिबंधाचे नियम पाळले जात असताना. थेट भेटीवाचूनही तो पसरत असावा, असा निष्कर्ष निघाला. २०१६ च्या जागतिक अभ्यासाने तर हवेतले सूक्ष्म कण आणि दूषित वस्तू, या दोन्ही वाटांकडे बोट दाखवलं.

आता पंचेचाळीस मिनिटांचा अर्थ लावा. एक रुग्ण तपासणी करून घेऊन, खोकून गेला. अर्ध्या तासाने त्याच खोलीत दुसरी मुलगी आली. ती कुणालाही भेटली नाही. तिने सहा फुटांचा नियम मोडलेला नाही. मग तिला लागण झाली, तर दोष तिचा कसा?

म्हणून माझं म्हणणं असं की, अंतर हवंच, पण हवेची जबाबदारी रुग्णालयाची. दोन रुग्णांमध्ये खोली रिकामी ठेवा, हवा खेळती ठेवा, व्हरांड्यात ताटकळत न बसवता रुग्णाला थेट खोलीत घ्या. मास्क रुग्णाच्याच तोंडावर हवा, कारण खोकल्यातून हवेत जाणारे जंतू तो उगमापाशीच बरेचसे अडवतो.

‘समदुःखी मुलांना वेगळं ठेवणं निर्दयपणाचं आहे’ असंही म्हटलं जातं. त्यातलं दुःख खरं आहे. बर्कहोल्डेरिया या जंतूच्या फैलावानंतर अमेरिकेत या मुलांची उन्हाळी शिबिरं बंद झाली. आपल्यासारखाच श्वास घेणाऱ्या मित्राला मिठी मारणं या मुलांनी सोडून दिलं आहे. त्यांनी एवढं सोडल्यावर दवाखान्याने एक खोली तासभर रिकामी ठेवायला कां कूं का करावी?