ज्योतीला गाणं हवं

इंग्लंडात ५ नोव्हेंबरच्या रात्री जागोजागी होळ्या पेटतात. १६०५ साली पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं रचून राजा पहिला जेम्स याला उडवून देण्याचा बेत फसला आणि गाय फॉक्स पकडला गेला. लगेच कायदा झाला, दरवर्षी त्या दिवशी देवाचे आभार मानायचे. तो कायदा १८५९ मध्ये रद्द झाला. पोरांच्या तोंडचं त्या तारखेचं गाणं मात्र राहिलं. चारशे वर्षांपूर्वीची तारीख तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगता येते, ती त्या गाण्यामुळे.

आज २ जानेवारी. आपल्या पोरांना ही तारीख सांगता येईल का?

भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ पासून चालू आहे. आंध्रा खोऱ्याचं पाणी घाटावरून खाली यायचं आणि त्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जायची. खालच्या गावांत मात्र रॉकेलच्या चिमण्या मिणमिणायच्या. १९४२ च्या सप्टेंबरपासून आझाद दस्ता या क्रांतिकारकांच्या गटाने या तारांचे मनोरे पाडायला सुरुवात केली. युद्धाचा माल काढणाऱ्या गिरण्या थांबाव्यात, एवढा साधा हिशेब. सरकारदरबारी तो कटच होता. दस्त्याचे पुढारी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक घरातले वकील आणि तिथले उपनगराध्यक्ष. सावकाराच्या दारात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यांनी धान्यकोठी काढली होती, गावोगाव शाळा चालवल्या होत्या. मनोऱ्याला हात घालण्याआधीची ही कामं मला तितकीच मोठी वाटतात, कारण रानावनात लपलेल्या माणसाला भाकर देणारी घरं अशा कामातूनच मिळतात.

फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी घेरलं. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच पडले. भाईंचं वय अवघं तीस.

म्हणून आजच्या पहाटे माणसं सिद्धगडाच्या बलिदानस्थळी जमतात, ज्योत पेटवतात. इंग्लंडातल्या होळीत कट करणाऱ्याचा पुतळा जळतो, इथली ज्योत कट करणाऱ्यांसाठी तेवते. त्या थंडीत रान तुडवत जाणाऱ्या प्रत्येकाला मनापासून नमस्कार. पण भाषणं संपली, हार सुकले, की वर्षभर या नावांचा उच्चार किती घरांत होतो? नेरळच्या हुतात्मा चौकात रिक्षाची वाट पाहणाऱ्या किती पोरांना तिथले हुतात्मे ठाऊक आहेत?

हा मुलूख ठाकर-कातकऱ्यांच्या गाण्यांचा, आगऱ्यांच्या धवल्यांचा. शिमग्याला होळीभोवती नाचणारी पोरं इथे अजून आरोळ्या ठोकतात, आणि होळीची गोष्टही प्रल्हादाला जाळण्याचा डाव फसल्याचीच आहे. कर्जत-खालापूरच्या गुरुजींनी, बाईंनी आणि शाहिरांनी येत्या शिमग्याआधी चार ओळी बांधाव्यात. त्यांत हिराजी यावा, भाई यावा, भिवपुरीचा मनोरा यावा. टाळीवर म्हणता येतील अशा सोप्या ओळी हव्यात. पहिलीतल्या पोरीला पाठ झाल्या, की तीच त्या आपल्या धाकट्या भावाला शिकवेल.