दगड कुणाचा, चित्र कुणाचं?

मराठी दिवाणखान्यात एक गाव टांगलेलं असतं. नदी, घाट, देऊळ, वडाचा पार, डोक्यावर कळशी घेतलेली बाई. ह्याला म्हणायचं निसर्गचित्र! त्यात महारवाडा शोधा. मांगवाडा शोधा. सापडणार नाही. गावानं ज्यांना कुसाबाहेर ठेवलं, त्यांना चित्रकारानं चौकटीबाहेर ठेवलं.

जालन्याचं चित्र काढायचं तर मोसंबीच्या बागा निघतात. आपल्या माणसाचा निसर्ग वेगळा. त्याचा निसर्ग म्हणजे गायरान. दगड वेचून कसलेला, सातबाऱ्यावर नाव नसलेला तुकडा. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली, ती असल्या लँडस्केपसाठी. १९७८ ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जळली, ती असल्याच लँडस्केपमध्ये. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. नकाशावर रेघ एका दिवसात ओढली गेली. सातबाऱ्यावर नाव चढायला मात्र पिढ्या जातात. हे कुठल्या गॅलरीत लागलंय?

आता छापचित्राचं बघू. लिथोग्राफ म्हणजे शिळाछाप. चुनखडीची गुळगुळीत शिळा, तिच्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. शिळा ओली करायची, शाईचा रूळ फिरवायचा. तेलाला पाण्याचा विटाळ, म्हणून शाई फक्त रेघेला धरते. एका दगडातून हजारो कागद निघतात. म्हणजे ही कला जन्मानंच बहुजनांची.

तिचं केलं काय? १८९४ ला मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि गोरेगोमटे देव घरोघरी पोचले. पंडित सांगतात, ज्यांना देऊळ बंद होतं त्यांनाही देव मिळाला. वा रे उपकार! छापील राम भिंतीवर आला, पण १९३० ला काळारामाच्या दारात आमच्या बापजाद्यांना दगडच खावे लागले. चित्र वाटलं म्हणजे हक्क वाटला, असं होत नसतं.

नागपूरच्या सवी सावरकरनं हा डाव उलटा केला. बडोद्याला छापचित्रण शिकलेल्या ह्या कलावंतानं धातूचा पत्रा अ‍ॅसिडनं खाऊन काढला आणि त्यातून पेशवाईतला अस्पृश्य उभा केला. गळ्यात मडकं, पाठीला झाडू. देवदासी उभी केली. सुबक रेघ नाही, ओरबाडा आहे. मराठी चित्रकलेनं जे झाकलं ते त्यानं उघडं केलं.

पण दोस्तांनो, बाजाराची चाल ओळखा. पंचवीस प्रती काढायच्या, कोपऱ्यात पेन्सिलनं १/२५ लिहायचं आणि मग पत्र्यावर चरा ओढून तो मारून टाकायचा. दगड असला तर घासून कोरा करायचा. का? तर प्रती वाढल्या की भाव पडतो! हजारांना पुरणारी वस्तू मुद्दाम पंचवीस घरांत कोंडायची. पाणवठ्याचाच न्याय हा. पाणी भरपूर, पण ओंजळ कुणाची ते आम्ही ठरवणार. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांचा फोटो घेणारी मायमाउली नंबर विचारते काय? तो फोटो झोपडीच्या पत्र्यावर लागतो आणि घर उभं राहतं.

आणि कोलाज? समीक्षक म्हणतात, पिकासो आणि ब्राक, १९१२. असेल. आपल्या आया फाटक्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे जोडून वाकळ शिवत आल्या, तिला काय म्हणायचं? मराठवाड्यातून १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आलेल्यांनी पत्रा, बारदान, पुठ्ठा जोडून घर केलं. ते चिकटकाम हौसेचं नव्हतं. एक तुकडा निसटला तर पाऊस आत यायचा.

म्हणून सांगायचंय एवढंच. गॅलरीच्या दारात उभं राहून आम्हालाही आत घ्या म्हणू नका. लिनोचा एक तुकडा, एक कोरणी, एक रूळ, काळी शाई. नाहीतर लाकडी चौकट आणि नायलॉनची जाळी. एवढ्यावर वस्तीत छापखाना उभा राहतो. गायरान कोरा. वाकळ कोरा. नोटिशीचा कागद, ऊसतोडीच्या उचलीची चिठ्ठी, रेशनकार्डाचं पान चिकटवा. छापा आणि भिंतीवर लावा, नाक्यावर वाटा. कोपऱ्यात नंबर घालू नका. आणि पत्र्यावर चरा तर अजिबात ओढू नका. उद्या आणखी प्रती लागतील!