फुकटची उमेदवारी कोणाला परवडते?

चित्रपटसृष्टीत शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. सुरुवातीला पैशांचं नाव काढू नकोस, मिळेल तिथे इंटर्न म्हणून चिकट, हा पहिला. ओळखी वाढव, हा दुसरा. सल्ला देणारे बहुतेक जण स्वतः त्याच वाटेने आलेले असतात आणि त्यांच्या मनात काही वाईट नसतं. तरीही पहिला सल्ला अन्यायाचा आणि दुसरा अर्धवट आहे, असं माझं ठाम मत आहे.

फुकट उमेदवारीच्या बाजूने कोल्हापूरचा दाखला ठरलेला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांतारामबापूंनी पडेल ते काम केलं, दामले आणि फत्तेलाल तिथेच घडले, आणि १९२९ मध्ये याच मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. हे सगळं खरं. पण त्या काळी शिकाऊ माणूस कंपनीचा होऊन राहायचा. स्टुडिओ एका जागी, चित्रपटामागून चित्रपट तिथेच, त्यामुळे त्याला शिकवलेलं कंपनीच्याच कामी यायचं. प्रभात पुण्याला आल्यावरही हेच चाललं. गुरुदत्त १९४४ मध्ये तिथे दाखल झाले ते तीन वर्षांच्या करारावर. आज युनिट महिना-दीड महिन्यासाठी जमतं आणि पॅकअप झालं की पांगतं. पुढचा चित्रपट दुसऱ्याच निर्मात्याचा. मग या मुलाला शिकवण्यात कोणाचं काय अडलंय? जुन्या उमेदवारीतली राबणूक तेवढी आपण ठेवली, तिच्यामागची हमी सोडून दिली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ‘ब्लॅक स्वान’ या २०१० च्या अमेरिकन चित्रपटाने जगभरात तीस कोटी डॉलरहून अधिक कमावले. त्याच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या दोन इंटर्ननी २०११ मध्ये दावा लावला. कॉफी करणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं, कचरा बाहेर टाकणं अशी कामं त्यांच्या वाट्याला आली होती. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी त्यांना पगारी कर्मचारी मानलं. वरच्या न्यायालयाने २०१५ मध्ये तो निकाल बाजूला ठेवून, कामाचा खरा लाभ कोणाला होतो हे पाहा, असं सांगितलं. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं. ती कसोटी मात्र आपणही हाती घ्यावी अशी आहे. दिवसभर कागद पोचवणाऱ्या आणि चहा सांगणाऱ्या मुलाला लाभ झाला, की प्रॉडक्शनचा एक माणूस वाचला?

फुकट कामाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. सकाळी सातची शिफ्ट गोरेगावच्या फिल्मसिटीत किंवा मढला, सुटका कधी ते कोणी सांगायचं नाही. ज्याचं घर दादरला किंवा पार्ल्याला आहे तो चार महिने असे काढू शकतो. नांदेडहून आलेल्या मुलीला तेवढ्या काळात डिपॉझिट, खोलीचं भाडं, खानावळ आणि लोकलचा पास भरायचा असतो. ती दुसऱ्या महिन्यात परत जाते आणि आपण म्हणतो, तिच्यात चिकाटी नव्हती. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी अहमदनगरला शिकताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या सेटवरच्या फुकट राबणुकीला वळसा घालून हा माणूस पुढे आला. तसा वळसा न सापडलेले किती असतील याची नोंद कोण ठेवतं?

आता ओळखी. प्रीमियरला गाठून हात मिळवणं, नामवंतांना रोज मेसेज टाकणं, आरामनगरच्या कास्टिंग कचेऱ्यांमधून फोटो ठेवत फिरणं यालाच लोक ओळख म्हणतात. खरी ओळख सेटवर होते. चौथा असिस्टंट क्लॅप देतो, कंटिन्युइटी लिहितो. दुपारी चहाच्या प्रसंगाचा मास्टर शॉट झाला, आणि क्लोजअप घ्यायला संध्याकाळ उजाडली. कप अर्धा होता की पाऊण, बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती की वर, पदर कोणत्या हातात होता, हे त्याने न अडखळता सांगितलं की फर्स्ट एडीच्या, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाच्या, मनात ते नाव बसतं. पुढच्या कामाच्या वेळी फोन येतो, ‘सोमवारपासून मोकळा आहेस का?’

बहुतेक वेळा ही ओळख बरोबरीच्या माणसांशी होते. गुरुदत्त आणि देव आनंद प्रभातमध्ये भेटले तेव्हा दोघेही नवखेच होते. त्या मैत्रीतून १९५१ चा ‘बाजी’ आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या नाटकात विवेक गोम्बर काम करत होते. त्यांनीच पुढे ताम्हाण्यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाची निर्मिती केली, आणि पटकथा लिहून होईपर्यंत ताम्हाण्यांना दरमहा पैसे दिले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

‘सगळा वशिलाच असतो’ हेही ऐकू येतं. नायक-नायिकांच्या बाबतीत त्यात बरंच तथ्य आहे. संकलनाच्या खोलीत आणि साउंडच्या टेबलावर आडनाव फार काळ पुरत नाही.

म्हणून उमेदवारी हवीच, पण पगारी हवी. किती दिवस, किती तास, काय शिकवणार आणि कोण शिकवणार हे एका कागदावर लिहिलेलं असावं, श्रेयनामावलीत नाव असावं. मुलांनीही हे पहिल्याच दिवशी विचारावं. विचारल्याने काम जाणार असेल तर तिथे शिकायला फारसं काही नव्हतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यातल्या शिकाऊ मुलाला विद्यावेतन द्यावं लागतं, मग सेटवरच्या मुलाने काय घोडं मारलंय? राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्या अर्जात दोन पगारी शिकाऊंची नावं आणि त्यांना पैसे दिल्याच्या पावत्या सक्तीच्या कराव्यात.

छोट्या निर्मात्याला हे झेपणार नाही, असं म्हणणारे भेटतात. त्याची अडचण खोटी नाही. त्याने पाच फुकटे घेण्याऐवजी एक पगारी घ्यावा. ज्याला एकही झेपत नाही त्याने इंटर्न घेऊ नये, आपले कागद आपण पोचवावेत.